देव आभाळात, आपण पंचांगात



आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. कधी भाचा पाठवतो, कधी विहीणबाई. मजकूर साधारण असा: मेक्सिकोकडचे माया लोक म्हणजे आपल्या मयासुराचे वंशज. मयासुराला सूर्यसिद्धान्त मिळाला, म्हणूनच मायांना ग्रहगणित येत होते. त्यांचे कालचक्र इ.स.पू. ३११४ मध्ये सुरू झाले आणि आपले कलियुग इ.स.पू. ३१०२ मध्ये, फक्त बारा वर्षांचा फरक! त्यांचे देव ताऱ्यांत, आपलेही देव ताऱ्यांत. तेव्हा सगळे मूळचे आपलेच. खाली जोडलेल्या हातांची रांग.

यातले 'त्यांचे देव ताऱ्यांत, आपलेही देव ताऱ्यांत' एवढे वाक्य मला मान्य आहे. बाकीच्याचे काय करायचे? नावाच्या साम्यावरून नाते जुळवायचे तर मग 'माया' नावाच्या सगळ्या मुलीही मेक्सिकोच्या धराव्या लागतील. माया लोक विसाच्या पटीत मोजत. त्यांचे एक पंचांग २६० दिवसांचे होते. आपली सत्तावीस नक्षत्रे त्यांच्याकडे नाहीत. मयासुराचे वंशज नक्षत्रेच घरी विसरून गेले असे म्हणायचे का?

पण त्या एका वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. देवांच्या कितीतरी गोष्टी आभाळाशी बांधलेल्या आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आग्रह एवढाच, की ही गाठ वर बघून तपासता येते आणि ती तशीच तपासावी. वर न बघताच ती अभिमानासाठी वापरायची हे मला पटत नाही.

पहिले उदाहरण कार्तिकेयाचे. महाराष्ट्रात एरवी स्त्रिया कार्तिकस्वामीच्या दर्शनाला जात नाहीत, पण कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना जातात. दरवर्षी वर्तमानपत्रांत वेळ छापून येते, अमुक वाजून अमुक मिनिटांपासून तमुकपर्यंत. रांगा लागतात, मोरपिसे वाहतात. इतक्या बायका त्या रात्री रांगेत उभ्या असतात, पण मान वर करून 'कृत्तिका कुठे आहेत बघू' असे म्हणणारी मला तरी विरळाच भेटली.

खरे तर गोष्टीचा सगळा अर्थ वर आहे. महाभारताच्या वनपर्वातली कथा अशी: सात ऋषींच्या सात बायका. स्वाहेने त्यांची रूपे घेतली, पण अरुंधतीचे रूप तिला घेता आले नाही. पुढे लोकापवादामुळे सहा ऋषिपत्नींना नवऱ्यांनी टाकले आणि त्या कृत्तिका झाल्या. कार्तिकेय हा त्या सहा जणींचा मुलगा, म्हणून त्याला सहा तोंडे. अरुंधती तेवढी वसिष्ठाजवळ राहिली. आता वर बघा. कृत्तिकांच्या पुंजक्यात साध्या डोळ्यांना साधारण सहा तारे दिसतात. सप्तर्षींच्या शेपटीत मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा, ती अरुंधती. सातातून एक वजा, राहिले सहा. पहिलीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आभाळात मांडून ठेवलेले आहे. देव आणि तारे यांची गाठ घट्ट आहे असे मी म्हणते ते अशा ठिकाणी. गोष्टीत आकडा आहे आणि तोच आकडा वरही आहे.

आता गंमत बघा. आपले अलिबाग साडेअठरा अंशांच्या किंचित वर, उत्तर अक्षांशावर. मेक्सिको शहर साडेएकोणीस अंशांच्या आसपास. म्हणजे मध्ये अर्धी पृथ्वी असली तरी दोन्ही गावांना आभाळ जवळजवळ एकच! नोव्हेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास कृत्तिका आपल्या डोक्याच्या जवळून जातात, तशाच तिथेही जातात. अॅझ्टेक लोकांचा दर ५२ वर्षांनी एक मोठा विधी असे. सगळ्या चुली विझवायच्या, घरे अंधारी करायची आणि पुजाऱ्यांनी डोंगरावर जाऊन कृत्तिकांकडे डोळे लावून बसायचे. मध्यरात्री त्या माथा ओलांडून पुढे सरकल्या की जग बुडत नाही, आणखी ५२ वर्षे मिळाली! मग नवा अग्नी पेटवून गावोगाव न्यायचा. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला. पुढे काही वर्षांतच स्पॅनिश आले.

एकाच अक्षांशावरच्या दोन लोकांनी तोच पुंजका पाहिला आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. आपण त्यांना सहा आया म्हटले. त्यांनी जगाचा मुदतवाढीचा कागदच त्यांच्या हाती दिला. मला या वेगळेपणात जास्त आनंद वाटतो. सगळे आपलेच म्हटले की तो जातो.

दुसरे उदाहरण आपल्या समुद्रावरचे आहे. एप्रिलच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. आधी तांबूस रोहिणी पाण्यात उतरते. मग मृग, त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांसह. आणि साडेदहाच्या सुमारास चमचमणारा व्याध. ऐतरेय ब्राह्मणात गोष्ट आहे, की प्रजापती हरणाचे रूप घेऊन आपल्याच मुलीमागे धावला, देव संतापले आणि रुद्राने त्याला बाण मारला. पुढे रोहिणी, मागे हरीण, त्याच्या मागे शिकारी. तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. आणि हे मी माझ्या डोक्याने जुळवत नाही. हरीण म्हणजे मृग, शिकारी म्हणजे मृगव्याध आणि तीन कांड्यांचा बाण म्हणजे ते तीन तारे, हे त्या ग्रंथातच सांगितले आहे.

लोकमान्य टिळकांचे 'ओरायन' याच मृगावर उभे आहे. १८९३ साली ते पुस्तक निघाले. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होताना सूर्य जिथे असतो ती जागा, एके काळी मृगात होती आणि त्याच्या खुणा वैदिक कथांत आणि यज्ञविधींत राहिल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्यावरून त्यांनी इ.स.पू. ४००० च्या आसपासचा काळ काढला. जर्मनीत हेर्मान याकोबी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले होते. व्हिटनी आणि थिबो या पंडितांनी दोघांवरही कडक आक्षेप घेतले. कोण बरोबर, यापेक्षा मला त्या वादाची रीत महत्त्वाची वाटते. टिळकांनी कुठले वचन, त्याचा कुठला अर्थ आणि त्यावरून कुठले गणित हे सगळे उघड मांडले होते. म्हणून विरोधकाला बोट ठेवून 'इथे मला पटत नाही' असे म्हणता आले.

आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित! हे दापोलीजवळच्या मुरुडचे. (आपल्या जंजिऱ्याच्या मुरुडचे नव्हेत, हे रायगडकरांना मुद्दाम सांगावे लागते.) पेशाने शिक्षक, म्हणून मला ते अंमळ जास्त जवळचे. १८५३ ते १८९८, उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास प्रसिद्ध झाला. आपल्या भाषेत असे पुस्तक आहे याचा मला फिरत्या मजकुरांपेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटतो. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की बाकीची नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी विचारले, कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील? त्यांचे उत्तर इ.स.पू. ३००० च्या आसपास आले. यावरही पुढे वाद झाले. पण इथे वचनात तारा आहे, दिशा आहे, आणि आज आपण स्वतः जाऊन पाहू शकतो की कृत्तिका आता पूर्वेला उगवत नाहीत. हात लांब करून मूठ धरली तर ती आभाळात साधारण दहा अंश झाकते. तशा अडीच मुठी त्या उत्तरेकडे सरकल्या आहेत.

तिसरे उदाहरण शुक्राचे, आणि इथे मायांना आणि मेक्सिकोवाल्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. केत्साल्कोआत्ल, म्हणजे पिसांचा साप, हा त्यांचा मोठा देव. गोष्टीत तो स्वतःला जाळून घेतो, चार दिवस मृतांच्या लोकात राहतो, आणखी चार दिवस बाण तयार करतो आणि आठव्या दिवशी पहाटेचा तारा होऊन उगवतो. संध्याकाळची शुक्राची चांदणी पश्चिमेला बुडते आणि पहाटे पूर्वेला पुन्हा दिसते, या दोहोंमधला काळ सरासरी आठ दिवसांचाच. मायांची जी पोथी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे, तिच्यात शुक्राचे कोष्टक आहे आणि त्यातही तेच आठ दिवस आहेत. शुक्राचे एक पूर्ण चक्र त्यांनी ५८४ दिवसांचे धरले. आजचा आकडा ५८३.९२! अशी पाच चक्रे म्हणजे २९२० दिवस, बरोबर आठ वर्षे.

आपल्याकडेही शुक्राचार्याची गोष्ट आहेच. शंकराने त्याला गिळले आणि तो पुन्हा बाहेर आला. शुक्राचा अस्त आणि उदय आठवल्याशिवाय राहत नाही. शुक्रास्तात लग्ने करत नाहीत, तेही आपण पाळतो. पण आपल्या या गोष्टीत आठाचा आकडा नाही. तेव्हा साम्य सुंदर आहे असे म्हणावे आणि तिथे थांबावे.

माया लोकांच्या अशा पोथ्या पुष्कळ असणार. १५६२ मध्ये दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने त्या सैतानाच्या म्हणून जाळल्या. आज जगात चारच उरल्या आहेत. त्यांची नोंद दुसऱ्याने जाळली. आपली कोणी जाळलेली नाही, आपण नुसती उघडून बघत नाही.

आता जिथे गाडी घसरते ते सांगते. महाभारत युद्धाची तारीख! पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी १६ ऑक्टोबर इ.स.पू. ५५६१ अशी तारीख काढली. प्रा. नरहरी आचार यांनी संगणकाच्या साहाय्याने इ.स.पू. ३०६७ हे साल काढले. परंपरेप्रमाणे कलियुग इ.स.पू. ३१०२ चे, म्हणजे युद्ध त्याच्या आधी. इतिहासाचे बरेच अभ्यासक याहून पुष्कळ अलीकडे येतात. ग्रंथ तोच, ग्रह तेच, आणि उत्तरांत अडीच हजार वर्षांचा फरक. वर्गात एकाच गणिताची अशी चार उत्तरे आली असती तर मी मुलांना न रागावता म्हटले असते, 'बाळांनो, गणितच परत वाचा. बहुधा त्यात माहिती अपुरी आहे.'

ती अपुरी आहेच. भीष्मपर्वात युद्धाआधीच्या अपशकुनांची यादी आहे. तिच्यात अरुंधती वसिष्ठाच्या पुढे गेल्याचे म्हटले आहे, आणि त्यावरून काळ काढणारे आहेत. पण थोडे पुढे वाचले की गायींच्या पोटी गाढवे जन्मल्याचेही येते. आता एक वचन संगणकात घालायचे आणि दुसरे सोडून द्यायचे, हे कोणत्या नियमाने? कवीला सांगायचे होते की जग उलटेपालटे होणार आहे. पतिव्रता नवऱ्यापुढे चालू लागणे आणि गाईला गाढव होणे ही त्याच्या दृष्टीने एकाच जातीची भयंकर गोष्ट. आपण त्याच्या काव्यातून तारीखपट्टी काढायला निघालो आहोत.

मायांच्या बाबतीतही जगाने हेच केले. २१ डिसेंबर २०१२ ला त्यांच्या मोठ्या गणनेतला तेरावा टप्पा पुरा झाला, तर म्हणे जग बुडणार! आपल्याकडेही टीव्हीवाल्यांनी तेव्हा दिवसदिवस काय काय दाखवले होते, आठवत असेल. २२ तारखेला सकाळी दूधवाला नेहमीच्या वेळेला आला.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आभाळ आणि ऋतू यांची गाठ कायमची नाही. आपण म्हणतो, ७-८ जूनला मृग लागला, आता पाऊस. त्या दिवशी सूर्य मृगात शिरतो, म्हणून खरा मृग तेव्हा दिसतच नाही, तो सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. आणि पृथ्वीच्या आसाच्या संथ गिरकीमुळे ही तारीख साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, सूर्य मृगात शिरे तो ऋतूंच्या हिशोबाने आजच्यापेक्षा तीन आठवडे आधी, ऐन मेच्या मध्यात! तेव्हा कोकणात मृगाचा पाऊस नसणार. मृगाला पावसाचा देव आपल्या काळाने केले. आणखी हजार वर्षांनी तो मान दुसऱ्या कुणाकडे जाईल. संक्रांतीचे तसेच. खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागते, तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीला वाटतो. वाटावाच, पण कारण माहीत असावे.

तर मी माझ्यापुरती तीन प्रश्नांची चाळणी केली आहे. गोष्ट सांगणाऱ्या ग्रंथाने किंवा लोकांनी स्वतः त्या ताऱ्याचे नाव घेतले आहे का? गोष्टीतला आकडा, दिशा किंवा ऋतू वर जुळतो का? आणि दुसरा कुठला तारा तिथे बसवला तर तोही तितकाच चालेल का? कार्तिकेय यातून अलगद पार होतो. मृग आणि व्याधही होतात. केत्साल्कोआत्ल होतो.

मला फार मोह होतो तो अगस्तीचा. ऑगस्टच्या उत्तरार्धात अगस्ती पहाटे दक्षिणेला दिसू लागतो. पंचांगातही अगस्तीचे दर्शन आणि लोप दिलेले असतात. त्याच सुमाराला नारळी पौर्णिमा, कोळी बांधव दर्याला नारळ देतात आणि दर्या शांत होऊ लागतो. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी आणि ओसरता समुद्र! किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही वाटेल की गोष्ट इथेच जन्मली. वराहमिहिराने अगस्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे आणि त्याच्या उदयानंतर पाणी निवळते असे मानले जाई, एवढे पक्के. पण समुद्र पिण्याच्या कथेत ना ऋतू ना दिशा. त्यामुळे आपल्या गावची गोष्ट असूनही ती मी 'सुंदर' या खणात ठेवते, 'सिद्ध' या खणात नाही. आपल्यालाच सोयीची गोष्ट चाळणीत घालायची तर हात जरा थरथरतो, पण घालावी लागते.

असो. ही तारखांची भांडणे चालू राहतील. मला त्याहून काळजी वाटते ती वर बघण्याची सवय जाते आहे याची. अलिबागच्या उत्तर आभाळावर रात्रभर मुंबईचा उजेड असतो, किनाऱ्यावर हॉटेलांचे झगमगाट वाढले आहेत. मुलांना मोबाइलमध्ये तारे ओळखणारे अॅप आहे, पण ते नावे सांगते ती परक्या भाषांतली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंडांच्या गावांत जाऊन त्यांना आभाळात काय काय दिसते ते विचारले आणि २०१३ साली ते छापले. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे खाट आणि उरलेले तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर! यात देव नाही, ऋषी नाही, पण चार आणि तीन सात होतात. ही माहिती कुठल्या पोथीत नव्हती, ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होती. कोणी विचारायला गेले म्हणून ती कागदावर आली.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे, आगऱ्यांकडे, डोंगरातल्या कातकऱ्यांकडे अशी किती नावे असतील? होकायंत्र आणि जीपीएस नव्हते तेव्हा रात्री होडी कशावर धरत, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून माझ्या सगळ्या भाचे-पुतण्यांना आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना एकच विनंती. पुढच्या कार्तिकी पौर्णिमेला दर्शनाची वेळ बघाल तेव्हा घरातल्या एका मुलाला गच्चीवर न्या आणि चंद्र कुठे आहे ते दाखवून ठेवा. त्या रात्री चांदण्यामुळे कृत्तिका नीट दिसायच्या नाहीत. चार-पाच दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला की त्याला परत वर न्या आणि तिथले तारे मोजायला सांगा. पाच म्हणाला तरी चालेल, सात म्हणाला तरी चालेल. मग सहा आयांची गोष्ट सांगा. आणि गावाकडे कोणी जुने माणूस असेल तर त्यांना या ताऱ्यांची त्यांची नावे विचारून मला कळवा. मी एक दोनशे पानी वही त्यासाठी आणून ठेवली आहे. सध्या तिची तीनच पाने भरली आहेत.